श्रावणात सोडलेले मासे

बुसैतीन, बहरीन
श्रावणातला शुक्रवार, सकाळ

प्रिय सलील,

नदीचे फोटो मिळाले. कस्तुरीने पाठवलेला व्हिडिओही मिळाला, तू कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून दोरी फेकतोयस तो. तुझं पोट त्या रबरी विजारीत मावलं हे बघून तुझ्या लेकीचं कौतुक वाटलं, तिनेच ती शोधून आणली असणार. निरोपही पोचला. सप्टेंबरात तळ्यातले सॅमन नदीत चढायला लागतात, अमेरिकेत, मेनमध्ये यायची हीच वेळ, हेमभावोजींना घेऊन ये, दोघांची तिकिटं काढलीयत ती वाया घालवू नकोस. हे तू आता दर रविवारी विचारतोस आणि मी दर रविवारी 'बघू' म्हणते. आईचं 'बघू' तुला आठवत असेलच. ती बघू म्हणायची आणि पेणहून सर्कस निघून जायची.

फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. लहानपणापासून तू माझं वाक्य अर्ध्यावर पकडतोस आणि स्वतःच पुरं करतोस. बरं, ते मला म्हणायचं होतं त्यापेक्षा चांगलं निघतं, म्हणून मी गप्प बसते. शिवाय हॉलमध्ये हेम असतो. पाय ओढत चालतो, पण कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत. म्हणून आज कागद घेऊन बसले. ऑफिसला सुट्टी आहे, तो अजून उठलेला नाही, आणि बाहेर इतकी दमट हवा आहे की खिडकीच्या काचांना बाहेरून घाम फुटलाय. एरवी शुक्रवारी या वेळेला आम्ही समुद्रावर असतो. आज गेलो नाही. का गेलो नाही तेही लिहिणार आहे, पण मला जरा माझ्या चालीने येऊ दे.

तुझे भावोजी बरे आहेत. बरे म्हणजे, गेल्या वर्षी जानेवारीत सलमाबादच्या साइट ऑफिसात खुर्चीवरून खाली घसरले, तेव्हापेक्षा बरे. बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालंय, फक्त दमले की शब्द एकमेकांना चिकटतात. उजवा पाय काठीच्या आधाराने चालतो. उजवा हात मात्र खांद्याला नुसता टांगल्यासारखा आहे. बोटं मिटतात, पण उघडायला मी लागते. सकाळी त्याला अंघोळ घालायची, शर्टाची बटणं लावायची, नाश्ता, गोळ्या. मग वरच्या मजल्यावरच्या जुबैदाबाई येऊन बसतात आणि मी ऑफिसला पळते. दिवसभर अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांची बिलं तपासायची. परत येताना भाजी, आल्यावर त्याचे व्यायाम, जेवण, पुन्हा गोळ्या. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती कुणाबद्दल करायची तेच कळत नाही. बिचाऱ्याने मुद्दाम थोडंच केलंय?

आणि कौतुक इतकं होतं रे. मंडळाच्या बायका मला पाहिलं की आवाज खाली आणतात, जणू मीच आजारी आहे. 'शुभदाताई, किती करता हो तुम्ही!' त्या 'हो'चा मला वीट आलाय. एवढं वाटतं तर एखाद्या संध्याकाळी येऊन बसा की त्याच्याजवळ. वरुण दुबईहून अधूनमधून येतो. 'आई, यू शुड टेक रेस्ट' असं मला सांगतो आणि स्वतः सोफ्यावर आडवा होतो. चांगला आहे मुलगा, बापाला बघून घाबरतो फक्त. त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही म्हणून त्याला नवा फोन आणून देतो. आता घरात तीन फोन झालेत आणि तिन्ही मलाच चार्ज करावे लागतात.

व्यायाम घ्यायला आतिका येते, तिच्याबद्दल तुला मी सांगितलं होतं. मुहर्रकचीच मुलगी, बिचारी गुणाची आहे. दारातूनच ओरडते, 'यल्ला, बाबा हेम, यल्ला!', चला म्हणून. तिने बाबा म्हटलं की हा चिडतो. पहिल्या महिन्यात तिने आणलेला मऊ रबराचा चेंडू त्याने तीनदा खिडकीतून खाली टाकला, डाव्या हाताने आणि अचूक. एक दिवस ती आली तेव्हा मी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलत बसले होते. तिने बराच वेळ बघितलं, मग खुर्ची ओढून हेमला माझ्यासमोर बसवलं आणि परात त्याच्या मांडीवर ठेवली. डाव्या हातात वाल धरायचा आणि उजव्या अंगठ्याने साल सरकवायची. झालं! तेव्हापासून श्रावण असो नसो, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बिरडं. निम्म्या डाळिंब्यांचा चुरा होतो, पण अंगठा हलायला लागला. आतिकाला वाटतं की भारतात पॅरालिसिसवर हाच उपाय करतात. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. तिनेच मग विचारलं की अजून काय आवडतं बाबांना. मी म्हटलं, मासे पकडायला. ती म्हणाली, खलास, म्हणजे ठरलं, मग तोच व्यायाम.

तुमचं ते मासे पकडणं! तू नुकता बहरीनला आला होतास. हेमने त्याच्याच कंपनीत तुला चिकटवलं होतं, आणि तुम्ही दोघं दर शुक्रवारी पहाटे इथल्या किनाऱ्यावर गळ टाकून बसायचात. मासे यायचे, मी ते साफ करायचे आणि आपण तिघं हाणायचो. मग पहिला श्रावण लागला. आपण मासेखाऊ माणसं, वर्षभर दोन्ही हातांनी खातो, पण श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत घरात कालवणाचं पातेलंसुद्धा माळ्यावर जातं. मी स्पष्ट सांगितलं, मासा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. तुम्हाला तर शुक्रवारी घरात बसवेना. मग तुम्ही जायचात, मासा पकडायचात, हळूच गळ काढून पाण्यात सोडून द्यायचात आणि घरी येऊन बिरडं-भात जेवायचात. इतका खुळा उद्योग मी दुसरा पाहिलेला नव्हता.

आणि तो मिस्टर केसी! रोज सकाळी कुत्र्याला घेऊन फिरायला येणारा आयरिश म्हातारा. त्याने महिनाभर बघितलं, दोन हिंदी माणसं ओल्या हाताने मासा धरतात, गळ काढतात, मासा दम धरेपर्यंत पाण्यात सांभाळतात आणि मग सोडतात. त्याला वाटलं, हे तर कुणी थोर शौकीन आहेत! त्याच्या देशात म्हणे खरे खानदानी लोक असंच करतात. टोपी काढून त्याने तुमच्याशी हात मिळवला आणि स्वतःचा रॉड आणून तुम्हाला ती पिसांची खोटी माशी फेकायला शिकवली. आमिष नाही, वजन नाही, नुसती दोरी हवेत खेळवायची. गणपती विसर्जनानंतरच्या शुक्रवारी तुम्ही सोबेट्या, ते इथले चंदेरी मासे, पिशवीत भरताना तो समोर आला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हेमने त्याला शांतपणे सांगितलं, 'सर, मंथ इज ओव्हर.' नंतर कितीतरी दिवस तो तुमच्याशी बोलला नाही. शेवटी मी त्याला जेवायला बोलावलं, तेव्हा माझं सोबेटीचं कालवण त्याने बोटं चाटून खाल्लं आणि तुम्हाला माफ केलं.

पण खोड लागली ती लागलीच. पुढे पुढे तुम्ही बाराही महिने मासे सोडायला लागलात. घरात दोन मच्छीमार आणि मी मुहर्रकच्या बाजारातून मासे विकत आणायचे! किनाऱ्यावर माझं काम थर्मॉसचं. गाडीचं दार उघडं टाकून मी पेपर वाचत बसायचे, तुम्ही दोघं पाण्यात पाठमोरे, एकमेकांपासून लांब उभे. बोलणंही नाही. परतल्यावर मात्र तुम्ही दोघं अशा काही तृप्त चेहऱ्याने चहा प्यायचात की मला राग यायचा. एवढं काय मिळतं तिथे, असं मी एकदा विचारलंही होतं. हेम म्हणाला, काही नाही. मला वाटलं, सांगायचं नाहीये.

तर आतिकाने सांगितल्यावर मी त्याचा रॉड माळ्यावरून काढला आणि गच्चीवर नेला. डाव्या हाताने फेक म्हटलं. त्याने हातच लावला नाही. 'मी काय लहान मूल आहे का, नवीन हात शिकायला?' म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. मग मीच फेकला. ती दोरी शेजाऱ्याच्या डिश अँटेनात अडकली, ती सोडवायला गेले तर माझ्या ओढणीत अडकली. आणि हेम हसला. त्या जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, त्याला हसवायलाच, खरं सांगते. पण त्याचा शिकवण्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. खुर्चीत बसून सुरू व्हायचा. 'मनगट नाही, कोपर! थांब! मागे गेलेली दोरी आधी सरळ होऊ दे, मग पुढे टाक. घाई काय आहे तुला?' घाई काय आहे तुला, हे त्याने मला विचारावं! खाली कुकर लावलेला, गोळ्यांची वेळ झालेली, आणि मी गच्चीवर दोरी सरळ व्हायची वाट बघत उभी. मध्येच कधी त्याला हुक्की यायची, मग डाव्या हाताने एक-दोनदा फेकायचा. दोरी पायाशी पडली की रॉड टाकून द्यायचा आणि मला म्हणायचा, तूच कर.

एका संध्याकाळी ती दोरी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून सरळ गेली आणि अलगद टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. हेमने चूक काढली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा टाकली, मग पुन्हा. खाली भाजी करपली आणि मला तिची आठवणही नव्हती. त्या रात्री दही-भात खाल्ला आम्ही.

मार्चपासून दर शुक्रवारी पहाटे जायला लागलो. तुमची जुनी जागा आता नाही. तिथे भर घालून इमारती उभ्या केल्यात, जिथे तू उभा राहायचास तिथे आता कुणाची तरी गाडी उभी असते. आम्ही आणखी वर, उत्तरेच्या अंगाला जातो. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि मागे गुडघाभर उथळ राहतं, काचेसारखं. मी काठावर त्याची खुर्ची मांडते, छत्री रोवते, काठी हाताशी ठेवते आणि पाण्यात उतरते. वाळूत शेपटीने डंख करणारी वागळी असतात म्हणून पाय घासत चालायचं. हेम म्हणतो, 'त्यात मी तुझ्यापेक्षा तरबेज आहे.' सुरुवातीला मी दर दोन मिनिटांनी वळून बघायचे, पडला तर नाही ना, पाणी हवंय का. नंतर वळणं कमी झालं. सलील, एवढं काय मिळतं तिथे, याचं उत्तर मला समजलं. हेम खोटं बोलला नव्हता. काहीच मिळत नाही. कुणी हाक मारत नाही, कुणाचं बटण लावायचं नसतं, पायाशी पाणी असतं आणि दोरी मागे गेली की ती सरळ होईपर्यंत नुसतं उभं राहायचं असतं. मी तिथे उभ्या उभ्या एकदा रडलेदेखील. दुःखाने नाही, नुसती दमून, जसं लहान मूल जेवता जेवता झोपतं तसं.

तू फोनवर त्या सॅमनबद्दल सांगितलंस ते मी विसरलेले नाही. की हे मासे मूळचे समुद्रात जाणारे, कधीकाळी त्यांचा रस्ता बंद झाला आणि ते तळ्यातच राहिले. आकाराने लहान झाले, पण नदीत चढायची ओढ गेली नाही. आणि मग तू म्हणालास, ताई, आपणही तसेच, ना परत गेलो ना पुढे. तुझं हे तत्त्वज्ञान मला आवडत नाही रे. तुझा रस्ता कुणी बंद केला? तू आपणहून विमानात बसलास, नात सांभाळायला. आणि मासा काही तळ्यात बसून समुद्रासाठी उसासे टाकत नसणार. त्याला जे पाणी मिळालं ते त्याचं. इथल्या सोबेटीलाही कुणी विचारलं नाही की तुझ्या किनाऱ्यावर भर घालू का. ती थोडी वर सरकली. मीही तशी सरकत आलेय. पण एक गोष्ट तू म्हणालास ती माझ्या मनात राहिली. ते पाणी इतकं थंड असतं की पायांना थोड्या वेळाने पाय असल्याचंच कळत नाही. इथलं पाणी ऑगस्टात आंघोळीला काढल्यासारखं असतं. मला ते थंड पाणी आठवत राहतं, न बघितलेलं.

हेमसाठीच होतं ना हे सगळं. वर्षानुवर्षं तुम्ही दोघं त्या सॅमनबद्दल बोलत आलात, रिटायर झालो की एकदा जायचं म्हणून. तू तिकिटं काढलीस तेव्हा त्याने आतिकाला नदीचा फोटो दाखवला, आणि महिनाभर न चिडता वाल सोलले. मला वाटलं, आता होईल. मी मनात सामान भरायला घेतलं होतं.

मग गेला शुक्रवार. उजाडताना पाण्यात उतरले आणि थोड्याच वेळात मोठी सोबेटी लागली, तुम्ही सांगायचात तशी, हाताला हिसका देणारी. हेम काठावरून ओरडून सांगत होता, ओढू नको, जाऊ दे, आता घे. इतका खणखणीत आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. मी ती जवळ आणली आणि बघते तर हा खुर्चीतून उठून पाण्यात आलेला! काठी तिकडेच. मासा जवळ आला की तो स्वतःच्या हाताने सोडवायचा, ही त्याची सवय ना. वाकला, उजवा हात पुढे केला, आणि बोटं उघडेनात. मासा त्या मिटलेल्या मुठीवर आपटत होता. मग त्याचा तोल गेला आणि तो पाण्यात बसला. पाणी घोट्याच्या थोडं वर असेल. लागलं नाही, बुडायचा प्रश्नच नव्हता. मासा माझ्या हातात आला होता. श्रावण चाललाय, तो सोडायचाच होता, आणि नीट सोडायचा तर हात ओला ठेवून गळ काढावा लागतो, मासा दम धरेपर्यंत सांभाळावा लागतो. मी ते केलं. तो हातातून आपला आपण निघून गेला. मग मी वळले आणि हेमला उठवलं.

घरी येईपर्यंत तो गाडीत डाव्या हाताने ओल्या शर्टाचं टोक पिळत होता. इमारतीखाली गाडी लावली तेव्हा म्हणाला, 'तू आधी मासा सोडलास.' खरंच होतं. त्याला कपडे बदलायला मदत केली, चहा दिला. चहा संपल्यावर म्हणाला, मेनचं रद्द कर. दोघांचंही. मी समजावलं, सलील हात धरून नेईल, वाहतं पाणी असलं तरी काठ आहे, बाक आहे. तर म्हणाला, काठावर बसायला अमेरिकेला कशाला जाऊ? काठावर इथे बसतोच आहे. त्याचं चुकत नाही, सलील. तू त्याला दर रविवारी फोनवर उमेद देतोस, 'भावोजी, तुम्ही या तर खरं.' फोन ठेवल्यावर तो संध्याकाळभर भिंतीकडे बघत असतो, ते तुला दिसत नाही. आता त्याला आग्रह करू नकोस. तो येणार नाही. त्याला सांग की तुझ्या नदीला यंदा पाणी कमी आहे, किंवा काहीच सांगू नकोस, इथल्या समुद्राचं विचार.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. हेमने दोन्ही तिकिटं रद्द कर म्हणून सांगितलं. मी एकच केलं. माझं तसंच ठेवलंय. व्हिसा कस्तुरीच्या लग्नाच्या वेळचा अजून चालू आहे, ऑफिसातून रजा मिळालीय, आणि वरुणला मी विचारलं नाही, सांगितलं की या तारखांना तू इथे येऊन राहायचं आणि बापाला अंघोळ घालायची. तो मराठीत 'बरं' म्हणाला. हेमला काल सांगितलं. तो म्हणाला, 'मग मी काय करू?' मी म्हटलं, माझी वाट बघ. रात्रभर तो जागा होता, मीही होते, पण मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही. उद्या पुन्हा विचारेल, तेव्हाही घेणार नाही. सलील, मी फार थकले आहे रे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला विमानतळावर घ्यायला तूच ये, जावयाला पाठवू नकोस. कस्तुरीला म्हणावं, आत्याच्या मापाची ती रबरी विजार बघून ठेव, मी कमरेत जाड आहे. पहिले दोन दिवस मला काही विचारू नका, चहा घेणार का एवढंही नको. नुसतं त्या नदीत नेऊन उभं करा आणि तुम्ही सगळे जरा लांब जाऊन उभे राहा.

तुझीच, लवकरच येणारी,
ताई